रहिवाशाचे आभाळ : मॉरिशस बेटाच्या वाऱ्यापावसाचा इतिहास



आपल्यापैकी जे वयाने वडील आहेत त्यांच्या कानांवरून ‘मोरस साखर’ हा शब्द केव्हा तरी खात्रीने गेला असेल. गुळाच्या शेजारी जी पांढरी, दाणेदार साखर वाण्याच्या दुकानात येऊ लागली, तिला आपल्या पणज्यांनी मोरस म्हटले. ही मोरस म्हणजे मॉरिशस. चीनवरून चिनी आली, मिसर देशावरून मिसरी आली, तशीच मॉरिशसवरून मोरस आली. आज तो शब्दही मागे पडला आहे. ज्या बेटावरून तो आला, त्या बेटाच्या आभाळाची हकीकत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

हवापाण्याची हकीकत हा इतिहासाचा विषय होतो का, असे कोणी विचारील. राजे, तह आणि लढाया यांच्या पंक्तीला वारा-पाऊस बसवावा कसा? परंतु मॉरिशससारख्या बेटावर हा प्रश्न कोणाला पडत नाही. हे बेट आहे केवढे? क्षेत्रफळ अवघे १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. भोवती हजारो मैल पाणी. मादागास्करपासून ते पूर्वेला सुमारे आठशे किलोमीटर. तिथे आभाळ फिरले म्हणजे पळून जाण्याला दुसरा मुलूख नाही. म्हणून त्या बेटाचा इतिहास लिहिणाऱ्याला दर दोन-चार पानांनंतर एक वादळ नोंदवावेच लागते.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. बेटावरचा वारा सर्वांना एकच असतो, पण तो सोसण्याचा वाटा सर्वांना सारखा येत नाही. कोणाचे घर कुठे आहे आणि ते कशाचे आहे, यावर तो वाटा ठरतो. मॉरिशसच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासातून मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

पाहुणा आणि रहिवासी

१८३६ सालच्या एप्रिलच्या २९ तारखेला ‘बीगल’ नावाचे जहाज पोर्ट लुई बंदरात आले. त्यात सत्तावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन होता. जगप्रदक्षिणा संपत आलेली, मन घराकडे लागलेले, अशा वेळी हे बेट त्याच्या दृष्टीस पडले. उतारावर हिरवेगार उसाचे मळे, मध्ये करवतीसारखे डोंगर, माथ्यावर ढगांचे पुंजके. तो ल पूस नावाच्या डोंगरावर चढला, देखाव्यावर खूष झाला आणि मे महिन्याच्या नवव्या तारखेला पुढे निघून गेला. दहा दिवसांत त्याला वादळ दिसले नाही, कारण वादळांचा हंगाम तेव्हा संपत आला होता.

त्याच डार्विनने आणखी एक गोष्ट पाहिली व लिहून ठेवली. रस्त्यांच्या कामावर हिंदुस्थानातून जन्मठेपेला पाठविलेले सुमारे आठशे कैदी होते. त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांचे त्याला आश्चर्य वाटले. हे लोक बंगाल आणि मुंबई या दोन इलाख्यांतून १८१५ पासून तिथे पाठविले जात होते. म्हणजे आपल्या मुंबई इलाख्यातली माणसे डार्विनच्या आधी वीस वर्षे त्या बेटावर खडी फोडीत होती. डार्विन पाहुणा होता. हे लोक रहिवासी होते, आणि तेही स्वतःच्या इच्छेने नव्हे. डार्विनने ज्या रस्त्यावरून डोंगर पाहिले, तो रस्ता वादळानंतर नीट करण्याचे काम यांच्याकडे होते.

पुढे साठ वर्षांनी, १८९६ साली, अमेरिकन लेखक मार्क ट्वेन हिंदुस्थानचा दौरा आटोपून मॉरिशसला उतरला. आधी मॉरिशस घडले आणि मग त्याबरहुकूम स्वर्ग बनविला, अशा अर्थाचे एक वाक्य त्याच्या नावावर आजही प्रवासी मंडळींना ऐकविले जाते. पण मूळ मजकूर पाहिला तर ते ट्वेनचे मत नव्हेच. तिथल्या एका नागरिकाने आपल्याला असे सांगितले, एवढेच तो नोंदवितो. आणि दुसरे नागरिक मात्र ही अतिशयोक्ती आहे असे म्हणतात, हेही लागलीच जोडतो. जाहिरातीत पहिला नागरिक राहिला, दुसऱ्याचे नाव निघाले नाही. आज आपण त्या दुसऱ्या नागरिकाचे म्हणणे ऐकू.

दगड, पाऊस आणि उलटे पंचांग

हे बेट ज्वालामुखीने घडविले. समुद्राच्या तळातून लाव्हा वर आला, थरावर थर बसले, आणि सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी जमीन पाण्याच्या वर दिसू लागली. तिथले ज्वालामुखी आता हजारो वर्षे निद्रिस्त आहेत. क्यूरपीप गावात त्यांपैकी एकाचे मुख आजही गोल विहिरीसारखे दिसते. त्याच्या उतारावर झाडी आहे आणि तळाशी पाणी साचते. शेजारच्या रेयुनियाँ बेटावरचा ज्वालामुखी मात्र अजून जागा आहे आणि वरचेवर आग ओकतो.

या जन्मकथेचे दोन परिणाम शेतकऱ्याच्या वाट्याला आले. पहिला म्हणजे दगड. आपल्या दख्खनच्या पठारावरच्यासारखाच काळा बसाल्ट, पण जमिनीत सर्वत्र लहानमोठ्या धोंड्यांच्या रूपाने विखुरलेला. ऊस लावायचा तर आधी धोंडे उचलले पाहिजेत. मजुरांनी ते हातांनी वेचले आणि शेताच्या मध्यावर रचून ठेवले. उसाच्या मळ्यांतून काळ्या दगडांचे ते मनोरे अजून उभे आहेत. दुसरा परिणाम म्हणजे पाणी. लाव्ह्याचा खडक सच्छिद्र असल्याने पडलेला पाऊस झिरपून खाली जातो. म्हणून पाऊस भरपूर असूनही पाणी अडविल्यावाचून बेटाचे भागत नाही. १८८५ साली बांधून झालेला मार-ओ-व्हाकोआचा तलाव हा तिथला सर्वांत मोठा साठा.

पाऊसही कसा, तर जागोजाग निराळा. वर्षभर आग्नेयेकडून वारा वाहतो. तो समुद्रावरून ओलावा आणतो, मधल्या पठारावर चढतो आणि तिथे ओझे टाकतो. पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर डोंगरापलीकडे पश्चिम किनाऱ्यावर नऊशेच्या आसपास. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे समजावून देण्याची गरज नाही.

आता या बेटाचे अक्षांश पाहा. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला एकोणीस अंशांवर, आणि मॉरिशस दक्षिणेला वीस अंशांवर. जणू आरशातले प्रतिबिंब. त्यामुळे ऋतू उलटे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास माणसे गिरमिटावर या बेटावर उतरली. बिहारी आणि तामीळ बहुसंख्य. पण मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि देशावरचेही काही हजार होते. हे लोक गाठोड्यात नक्षत्रे बांधून घेऊन गेले होते. मृग निघाला की नांगर, आर्द्रा आली की पेरणी, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. तिथे मृगात हिवाळा लागतो. आश्विनात आपल्याकडे पाऊस परततो, तर तिथे ते वर्षातले सर्वांत कोरडे दिवस. आणि संक्रांतीचा तीळगूळ वाटायचा तो ऐन वादळांच्या हंगामात.

पंचांगाने सण सांगितले, पण हवा सांगितली नाही. नव्या रहिवाशाला आभाळाची अक्षरओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागली. तरी सण सुटले नाहीत. पश्चिमेकडच्या कास्कावेलसारख्या गावात मराठी कुटुंबांनी गणपती बसविला. कोकणातला गणपती चिखलातून डोक्यावर घोंगडी घेऊन येतो. तिथे तो थंडी सरताना, कोरड्या वाटेने येतो. आज त्या देशात गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. महाशिवरात्रीला लाखो लोक डोंगरातल्या ज्या ग्राँ बासाँ तळ्यावर, म्हणजे गंगातलावावर, पायी जातात, ते तळे म्हणजे जुन्या ज्वालामुखीचे मुख होय. ती यात्रा वादळांच्या महिन्यांतच येते, म्हणून निघताना यात्रेकरू आभाळाकडे एकदा पाहून घेतो.

वाऱ्याची ओळख

बेटावर माणूस नांदू लागण्याच्या आधीच वाऱ्याने आपला अंमल दाखविला होता. डच ईस्ट इंडिया कंपनीचा जावा बेटांकडचा पहिला गव्हर्नर-जनरल पीटर बोथ १६१५ साली मायदेशी परतताना याच बेटाच्या किनाऱ्यापाशी वादळात सापडून बुडाला. माथ्यावर प्रचंड धोंडा तोललेल्या तिथल्या एका डोंगराला आज त्याचे नाव आहे. डचांनी १६३८ पासून वसाहतीचे प्रयत्न केले. वादळे, उंदीर आणि अवर्षणे यांनी जेरीस येऊन १७१० साली ते कायमचे निघून गेले. जाण्यापूर्वी डोडो हा पक्षी आणि बरेचसे शिसवी जंगल मात्र त्यांनी संपविले.

त्यांच्यामागून फ्रेंच आले. त्यांच्या राजवटीतली एक गोष्ट मला विशेष सांगावीशी वाटते. १७४४ साली ‘सँ-जेराँ’ हे जहाज बेटाच्या ईशान्येला प्रवाळाच्या खडकावर आपटून फुटले आणि फार माणसे बुडाली. या घटनेवरून बेर्नार्दाँ द सँ-प्येर याने १७८८ साली ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी लिहिली, ती युरोपभर गाजली. आता गंमत पाहा. खरे जहाज फुटले ऑगस्ट महिन्यात, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, जेव्हा तुफान येतच नाही. पण कादंबरीत तेच जहाज डिसेंबरच्या अखेरीस, तुफानात फुटते. हा लेखक १७६८ ते १७७० या काळात बेटावर इंजिनियर म्हणून राहिलेला होता. ऑगस्टमध्ये तुफान दाखविले तर बेटावरचा माणूस हसेल, हे त्याला पक्के ठाऊक असणार. कथेसाठी तुफान हवे होते, म्हणून त्याने तारीखच हलविली. काही झाले तरी दोन वर्षे राहिलेला माणूस तो!

त्याच वेळी बेटाचा कारभारी प्येर प्वाव्र हा होता. जंगल तोडले की पाऊस आटतो, असे त्याचे मत होते, आणि १७६९ साली जंगलरक्षणाचे नियम झाले. पावसासाठी झाडे राखावीत, हा विचार सरकारी हुकुमात उतरल्याचे हे जगातले फार जुने उदाहरण आहे. परंतु हुकूम एकीकडे आणि साखरेचा भाव दुसरीकडे. १८१० साली बेट इंग्रजांनी जिंकले, पुढे साखरेवरची जकात उतरली, आणि जंगलाच्या जागी ऊस उभा राहिला. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मोरस आली ती याच उसाची.

ताप डोंगर चढला नाही

हवामान म्हणजे केवळ वारा नव्हे. १८६६ ते १८६८ या तीन वर्षांत बेटावर हिवतापाची साथ आली. तोवर तिथे हा ताप नव्हता. हिवताप पसरविणारा डास याच सुमारास बाहेरून येऊन रुजला असावा. उसासाठी तोडलेली राने, तुंबलेली डबकी, दमट उष्ण किनारा आणि एका खोलीत दाटीने राहणारे मजूर, असे सगळे सामान तयारच होते. १८६७ या एका वर्षात तापाने तीस हजारांहून अधिक माणसे गेली. सारी लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरातली. म्हणजे दर दहा-अकरा माणसांत एक.

डास त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हता, पण एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. पठारावर, जिथे हवा गार, तिथे ताप थोडा. मग ज्यांना शक्य होते ते पोर्ट लुई सोडून वर चढले. साडेपाचशे मीटर उंचीवरचे क्यूरपीप हे तोवर किरकोळ ठिकाण होते; ते धनिकांचे गाव झाले. सकाळच्या आगगाडीने खाली कचेरीत यावे आणि संध्याकाळी गार हवेत परतावे, असा नवा क्रम पडला. खाली बंदरात आणि मळ्यांच्या लाइनींत राहिले ते हमाल, मजूर, छोटे दुकानदार. अशा रीतीने आजही त्या बेटावर गावांची जी मांडणी दिसते, ती बऱ्याच अंशी तापाने केली आहे.

१८९७ साली सिकंदराबादेत डास आणि हिवताप यांचा संबंध उलगडणारे रोनाल्ड रॉस १९०७ च्या अखेरीस मॉरिशसला गेले, तीन महिने फिरले आणि १९०८ साली त्यांनी उपायांचा अहवाल दिला. परंतु ताप निर्णायकपणे हटला तो १९४९ नंतरच्या डी. डी. टी.च्या मोहिमेने, आणि जागतिक आरोग्य संघटनेने बेट हिवतापमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले १९७३ साली. साथीपासून शंभरावर वर्षे गेली. डोंगर चढून जाणाऱ्याला मात्र हा उपाय एका दिवसात सापडला होता.

मुंबईहून गेलेला मास्तर

आता या कथेतल्या एका माणसाची ओळख करून देतो. चार्ल्स मेल्ड्रम हा स्कॉटलंडचा. १८४६ साली तो मुंबईच्या शिक्षणखात्यात नोकरीला आला आणि दोनच वर्षांनी मॉरिशसच्या रॉयल कॉलेजात गणित शिकविण्यासाठी गेला. ज्या वर्षी तो तिथे पोहोचला, त्याच १८४८ साली कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन याने या फिरत्या वादळांना ‘सायक्लोन’ असे नाव दिले.

मेल्ड्रमने १८५१ साली बेटावर हवामानमंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. त्याच्यापाशी उपग्रह नव्हता, बिनतारी यंत्र नव्हते. पण एक फार मोठे साधन त्याच्या दाराशी होते, ते म्हणजे बंदर. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारी-जाणारी जहाजे पोर्ट लुईला थांबत. प्रत्येक कप्तान आपल्या रोजनिशीत दिवसाच्या प्रहरांप्रमाणे वारा कोणत्या दिशेचा, किती जोराचा आणि वायुभारमापक किती उतरले, हे टिपून ठेवी. मेल्ड्रमने त्या रोजनिश्या उतरवून घेण्यास आरंभ केला. एकाच दिवसाची शेकडो मैलांवरच्या अनेक जहाजांची टिपणे एका नकाशावर मांडली, की त्या दिवशीचा सारा समुद्र डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यातून त्याने दाखवून दिले, की वादळातला वारा केंद्राभोवती सरळ वर्तुळात फिरत नाही. तो गोगलगाईच्या शंखावरच्या रेषेसारखा आत वळत जातो. वाचण्यास ही गोष्ट साधी वाटेल. पण वर्तुळ धरून केंद्राची दिशा काढणारा कप्तान त्यामुळे चुकत होता आणि केव्हा केव्हा वादळ टाळण्याच्या खटपटीत वादळाच्या तोंडात जात होता.

१८७० साली पाँप्लमूस येथे रॉयल आल्फ्रेड वेधशाळेची कोनशिला बसली आणि १८७४ साली ती उभी राहिली. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, म्हणजे काळ कोणता हे आपल्या ध्यानात येईल. मात्र सुवेझचा कालवा १८६९ सालीच खुला झाला होता. जहाजे नव्या वाटेने वळली, बंदर ओस पडू लागले, आणि मेल्ड्रमचे समुद्रावरचे डोळेही हळूहळू कमी होत गेले.

२९ एप्रिल १८९२

डार्विनने बेट प्रथम पाहिले त्याला छप्पन वर्षे झाली, तीच तारीख. एप्रिलच्या मध्यानंतर मोठे वादळ येत नाही, असा बेटाचा अनुभव होता. ऊस वाढत होता, लोक निर्धास्त होते. बाहेरून तार यावी तर समुद्राखालची तार बेटाला जोडली गेली ती पुढच्या वर्षी, १८९३ साली. शिवाय नेहमीची वादळे ईशान्येकडून उतरतात. हे आले वायव्येकडून. म्हणजे वेळ अनपेक्षित आणि वाटही अनपेक्षित.

सकाळपासून ईशान्येचा वारा वाढत गेला आणि दुपारी अकस्मात थांबला. वादळाचे केंद्र बेटावर आले होते. वायुभार ९४७ मिलिबारपर्यंत खाली गेला. ज्यांना केंद्राची ओळख नव्हती, त्यांना वाटले की संकट टळले. लोक घराबाहेर पडले, जखमींना शोधू लागले, छपरांवरचे पत्रे गोळा करू लागले. आणि मग वारा उलट्या बाजूने, नैऋत्येकडून, पहिल्यापेक्षा अधिक जोराने आला. ताशी २१६ किलोमीटरपर्यंतचे झोत नोंदले गेले. पहिल्या वाऱ्याने जी भिंत एकीकडे कलली होती, तिला दुसऱ्या वाऱ्याने आडवी केली. पोर्ट लुईचा सुमारे तिसरा हिस्सा उद्ध्वस्त झाला. बेटावर बाराशेच्या आसपास माणसे गेली.

मेल्ड्रमने तेव्हा सत्तरी ओलांडली होती. चाळीस वर्षे त्याने ज्या शास्त्राची उभारणी केली, ते शास्त्र त्या दिवशी त्याच्याच बेटाला वेळेवर सावध करू शकले नाही. यात त्याला दोष देण्यासारखे काही मला दिसत नाही. पूर्वी घडले नाही ते पुढेही घडणार नाही, असे मानण्याची चूक बेटावरच्या साऱ्यांचीच होती, आणि ती आपण सर्वजण करतो. १८९६ साली तो निवृत्त झाला आणि १९०१ साली वारला. एप्रिलवर विसंबू नये, हा धडा मात्र बेटाच्या नोंदीत कायमचा राहिला.

कॅरल आणि सिमेंटची घरे

यानंतरची मोठी तारीख १९६० सालची. त्याच हंगामापासून त्या समुद्रात वादळांना नावे देण्याची पद्धत पडली होती. जानेवारीत ‘अॅलिक्स’ आले. लोकांनी घरे सावरून घेतली न घेतली, तोच फेब्रुवारीच्या २७-२८ तारखेला ‘कॅरल’ आले. वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटर, वायुभार ९४३ मिलिबार. केंद्र बेटावरूनच गेले.

मृतांची संख्या चाळीसांवर, म्हणजे १८९२ च्या मानाने थोडी. इशाऱ्याची व्यवस्था सुधारली होती, त्याचे हे फळ. पण घरे? मजुरांची बहुतेक घरे तेव्हाही कुडाची, मातीची, उसाच्या पाचटाने शाकारलेली किंवा पत्र्याची. ती हजारोंनी भुईसपाट झाली. साखर १९५९ साली सुमारे पावणेसहा लाख टन निघाली होती. १९६० साली ती अडीच लाख टनही भरली नाही. दगडी बंगल्यातला मालक दारेखिडक्यांना आडणे घालून दोन रात्री आत बसला. मजुराने शाळेच्या किंवा देवळाच्या आश्रयाला जाऊन रात्र काढली, आणि सकाळी परत आला तेव्हा आपले घर नेमके कोणत्या जागी होते, हे त्याला चुलीच्या दगडांवरून ओळखावे लागले.

यानंतर सरकारने हात घातला. घरबांधणीसाठी मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले, सिमेंटच्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. लोकांनीही पै-पैसा साठवून आपापली घरे सिमेंटची केली. सपाट गच्ची, जाड भिंती, आणि वर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या लोखंडी सळ्या. प्रवाशाला ही घरे कुरूप वाटतात. पाचटाची झोपडी किती नयनरम्य होती, असे तो म्हणतो. कॅरलची रात्र ज्या आजीने काढली आहे, तिला विचारावे, की सुंदर घर कोणते. १९७५ साली ‘जर्व्हेझ’ वादळाचे झोत कॅरलहूनही जोराचे, ताशी २८० किलोमीटर होते. तरीही बेट पुन्हा १९६० सारखे उघड्यावर आले नाही, कारण मजुराच्या डोक्यावरही आता गच्ची होती.

इशाऱ्याचीही आता रीत बसली आहे. व्हाकोआ येथील हवामानखाते चार पायऱ्यांनी सावध करते. पहिला इशारा छत्तीस ते अठ्ठेचाळीस तास आधी. दुसरा अशा बेताने, की उजेडाचे बारा तास हाती राहावेत. तिसऱ्यात उजेडाचे सहा तास. चौथा, ताशी १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष सुरू झाले म्हणजे. या योजनेतला ‘उजेडाचे तास’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. तो घालणाऱ्याला गरिबाचे घर माहीत होते. छपराला दोर बांधायचा, शेळी आत घ्यायची, म्हाताऱ्याला शाळेत पोहोचवायचे, ही कामे अंधारात होत नाहीत.

सिमेंटवरचे पाणी

इथे कथा सुखाने संपावी, पण इतिहास तसे करीत नाही. जी जमीन सिमेंटने आणि डांबराने झाकली गेली, तिच्यातून पाणी झिरपेनासे झाले. २०१३ च्या मार्चच्या ३० तारखेला पोर्ट लुईत वादळ नसताना केवळ दोन-तीन तासांच्या पावसाने रस्त्यांचे नाले झाले आणि ११ माणसे बुडाली. २०२४ च्या जानेवारीत ‘बेलाल’ वादळात तेच शहर पुन्हा पाण्याखाली गेले, रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या, आणि इशारा वेळीच का वाढविला नाही, असा सवाल लोकांनी केला. वाऱ्याविरुद्ध बांधलेली भिंत पाण्यापुढे उपयोगी पडत नाही. या समुद्रातले वादळ किती पाणी आणू शकते, याची कल्पना यावी म्हणून शेजारच्या रेयुनियाँ बेटाची १९६६ सालची नोंद सांगतो : चोवीस तासांत १८२५ मिलिमीटर. पुण्याला एवढा पाऊस पडण्यास अडीच वर्षे लागतात.

आणि तरीही, श्रोतेहो, रहिवासी वादळाची वाट पाहतो. हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. पण लाव्ह्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही आणि तलाव भरतात ते मुख्यतः उन्हाळी पावसाने. ज्या हंगामात वादळे बेटाजवळून गेलीच नाहीत, त्या वर्षी तलावाचा तळ दिसू लागतो. १९९९ साली असेच अवर्षण पडले. आदल्या वर्षीची सव्वासहा लाख टनांची साखर पावणेचार लाखांवर आली. म्हणून तिथला शेतकरी आभाळाकडे एक विचित्र मागणे मागतो : वादळ यावे, पण अंगावर येऊ नये, लांबून जावे आणि पाणी देऊन जावे. पाहुण्याला हे मागणे समजत नाही. त्याला आभाळ एक तर निळे हवे असते, नाही तर तिकिटाचे पैसे परत हवे असतात.

तात्पर्य काय? रस्त्यावर खडी फोडणारा मुंबई इलाख्याचा कैदी, धोंडे वेचून मनोरे रचणारा गिरमिट्या, कप्तानांच्या रोजनिश्या उतरवणारा मास्तर, आणि कॅरलनंतर एकेक वीट जमविणारी विधवा, या सर्वांनी मिळून त्या बेटाला आभाळ वाचावयास शिकविले. प्रत्येक धड्याची किंमत आधी मोजली गेली आणि धडा मागाहून हाती आला. ती किंमत मोजणाऱ्यांत खालच्या वस्तीचा वाटा नेहमीच मोठा राहिला. वादळ थांबविणे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. पण कोणाचे घर कशाचे असावे, ते नाल्याच्या पात्रात असावे की उंचावर, आणि इशारा उजेडाचे किती तास आधी पोहोचावा, हे सर्वस्वी माणसाच्या हाती आहे. मॉरिशसचा इतिहास वाचून मनात राहते ते हेच.

आपल्या पणज्यांनी चहात घातलेली मोरस साखर गोड होती, यात शंका नाही. ती ज्या मळ्यातून आली, त्या मळ्याच्या मध्यावर काळ्या दगडांचा एक मनोरा आहे, आणि त्यातला एखादा धोंडा रत्नागिरीकडच्या कोणा माणसाने उचलून ठेवला असणे अगदी शक्य आहे. तो मनोरा आजवरच्या एकाही वादळात हललेला नाही.